'पिवळा बरा' म्हटल्याबद्दल

पिवळ्या रंगावर माझं काही विशेष प्रेम नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण बिश्केकच्या आमच्या मायक्रोरायनात, म्हणजे इमारतींच्या वसाहतीत, आजही अशी माणसं आहेत जी मला लांबून बघितल्यावर पोरांना कोपराने ढोसून सांगतात, "ते बघ, पिवळे बायके चालले." आमच्याकडे थोरल्या माणसाला 'बायके' आणि थोरल्या बाईला 'एजे' लावल्याशिवाय कोणी शिवीसुद्धा देत नाही. एवढी संस्कृती आम्ही टिकवली आहे. शिवी टिकवली, संबोधनासकट.

माझं नाव तुरुसबेक. बांधकाम कॉलेजात मी मुलांना शिकवतो की कोणता खांब किती वजनाखाली वाकतो आणि किती वजनाखाली मोडतो. आयुष्यभर हेच केलं. तेव्हा जिन्याला कोणता रंग द्यावा याबद्दल एक वाक्य बोलायचा अधिकार आपल्याला असावा, असं मला वाटत होतं. वाटत होतं!

आमच्या इमारतीचा फोनवर एक ग्रुप आहे. त्याचा कारभारी मेलिस, माझ्या बरोब्बर खालच्या घरात राहतो, मोटारींचे सुटे भाग विकतो. मेलिस हे नाव चार क्रांतिकारकांची आद्याक्षरं जोडून केलेलं आहे, म्हणून की काय, माणूस एकटा असला तरी चौघांएवढं बोलतो. तर या मेलिसने सप्टेंबरात ग्रुपवर टाकलं, "जिना रंगवायचा आहे. हिरवा. कोणाची हरकत?"

खाली धडाधड अंगठे उमटले. आता त्या 'हरकत' शब्दापुढे प्रश्नचिन्ह होतं. मी मास्तर माणूस. प्रश्नचिन्ह दिसलं की माझ्याकडून उत्तर दिलं जातं. मी लिहिलं, "माझ्या मते हिरव्यापेक्षा पिवळा बरा. जिन्यात अंधार असतो, जरा उजेड वाटेल." आणि फोन ठेवून मी चहाची पियाला उचलली.

ती पियाला मी प्यायलो नाही. फोन असा काही टणटणायला लागला की टेबलावरून सरकत सरकत मुरंब्याच्या बशीत गेला.

पहिला मेसेज साल्किन एजेचा. ही दुसऱ्या मजल्यावर राहते, बालवाडीत हिशेबनीस आहे. "अख्ख्या इमारतीला हिरवा हवा असताना तुम्हालाच बरा पिवळा सुचतो, तुरुसबेक बायके? सुचतो की कोणी सुचवतं?" त्याखाली मेलिस, "हिरवा आमच्या आजोबांपासूनचा रंग आहे." मी नम्रपणे लिहिलं, "तुमचे आजोबा युर्टमध्ये राहायचे. युर्टला जिना नसतो." युर्ट म्हणजे भटक्यांचा गोल तंबू, तेव्हा हे वाक्य माहितीपर होतं. पण ते पूर्वजांचा अपमान म्हणून घेतलं गेलं. साल्किन एजेने विचारलं, "पिवळ्यासाठी कुठल्या परदेशी संस्थेचं अनुदान खाता हो?" परदेशी संस्थेकडून मला उभ्या आयुष्यात एकच गोष्ट मिळाली आहे. एका परिषदेत पेन. तेसुद्धा पहिल्याच दिवशी गळलं. मग कोणीतरी लिहिलं, "तालासवाले असेच." माझे वडील तालासचे. मी एकटा बदनाम झालो असतो तर सोसलं असतं, पण एका भिंतीपायी अख्खा प्रांत?

माझ्या बायकोने, बुरुलने, तिसऱ्याच शिवीला ग्रुप सोडला. "तूही सोड," ती म्हणाली.

"का सोडू? मी काय गुन्हा केलाय?"

"गुन्हा नाही केलास. म्हणून तर सुटायचा रस्ता नाही."

कसं ते पुढे कळलं. दोनच दिवसांत कॉलेजच्या संचालकांनी बोलावून दार लावून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "तुरुसबेक, ही तुझी पिवळी चळवळ नक्की कसली आहे?" कोणीतरी ग्रुपचा फोटो काढून त्यांना पाठवला होता. मग नारिनहून सासूबाईंचा फोन आला. सासूबाई फोनवर पर्वताच्या पलीकडून हाक मारल्यासारख्या बोलतात.

"जावईबापू, सरकारविरुद्ध काही लिहिलंत का?"

"नाही हो. जिन्याबद्दल लिहिलं."

"जिनासुद्धा सरकारचाच असतो!" असं म्हणून त्यांनी रडायला सुरुवात केली.

सल्ले तर इतके मिळाले की विचारू नका. समोरच्या घरातला दातांचा डॉक्टर एर्मेक म्हणाला, "उत्तर देऊ नका, बायके. उत्तर दिलं की पेटतं." कोपऱ्यावरचा सामसावाला, म्हणजे आमचा समोसेवाला, म्हणाला, "उत्तर द्या. गप्प बसलात तर खरंच समजतील." मी एक दिवस गप्प बसलो, तर साल्किन एजेने लिहिलं, "बघा, वाचा बसली." दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं, तर लिहिलं, "बघा, टोचलं."

तळमजल्यावर राइसा पावलोव्हना राहतात. पूर्वी रेडिओवर बातम्या द्यायच्या. आता वय झालंय, पण आवाज असा की त्यांनी मांजराला हाक मारली तरी उभं राहून ऐकावंसं वाटतं. त्यांच्याकडे बटणांचा जुना फोन. मी त्यांना सगळी कहाणी सांगितली. त्या म्हणाल्या, "पण जिन्यात तर हे सगळे तुला सलाम करतात. मग तू भांडतोस कोणाशी?"

हाच तर संताप! त्याच सकाळी जिन्यात मेलिसने माझा हात दोन्ही हातांत धरला होता. "तब्येत कशी, बायके? घरची बरी?" आणि मी वर पोचतोय तोवर त्याचा मेसेज, "काही लोकांना कावीळ फक्त डोळ्यांत नसते, डोक्यातही असते." सलाम करणारा हात आणि टाइप करणारा अंगठा एकाच माणसाचा, हे माझ्या गळी उतरेना. एका अंगाने ओझं वाहायचं आणि दुसऱ्या अंगाने लाथा झाडायच्या, हे गाढवालासुद्धा एकाच वेळी जमत नाही.

म्हणून मी सभ्यतेचा मार्ग धरला. रविवारी बसून ग्रुपसाठी नियम लिहून काढले. विरोध मताला करावा, माणसाला नव्हे. कोणाच्या बापाचं गाव काढू नये. जे तोंडावर बोलता येत नाही ते लिहू नये. व्याकरण तपासून टाकले. क्षणभर शांतता पसरली. मला वाटलं, लाजले. मग साल्किन एजे उगवली, "म्हणजे आम्ही असभ्य?" मागोमाग मेलिस, "आम्हाला शिकवणारे तुम्ही कोण?" आता मी शिकवणारा कोण, तर मास्तर! पण हे लिहिलं असतं तर त्याचाही अर्थ काढला गेला असता. बुरुल माझ्या खांद्यावरून वाचत होती. म्हणाली, "जखमेवर मीठ चोळणारी माणसं पाहिली होती. तू व्याकरण चोळलंस."

मग मी ठरवलं, मतांचा प्रश्नच मिटवू. जिन्याच्या रंगाबाबत सरकारी नियम असणारच. आमच्याकडे बकरीच्या कानातल्या बिल्ल्याला नियम आहे, जिन्याला नसेल? गेलो घरांच्या कार्यालयात. खिडकीतली बाई वाफवलेली, मांस भरलेली मांती खात होती. ती संपेपर्यंत थांबलो. मग तिने हात पुसले, मोठ्ठं पुस्तक काढलं, आणि वर न बघता म्हणाली, "पॅनेलच्या इमारती. राखाडी. खाली गडद, वर फिकट."

"हिरवा चालेल?"

"परवानगी लागेल."

"आणि पिवळा?"

तिने चष्मा काढला. "पिवळा कोणी मागितलाय?"

तिथेही तेच! मी घाईघाईने म्हणालो, "कोणी नाही, सहज." पण तिची उत्सुकता जागी झाली होती. "तुमच्या जिन्याला आत्ता कुठला रंग आहे?"

"हिरवाच. पार सोलपटलाय."

"परवानगी घेतली होती?"

खोटं बोलायची सवय नसणं हा मध्यमवर्गीयांचा फार मोठा दोष आहे. मी म्हटलं, "ते काही मला माहीत नाही, बहुतेक नसावी." आठवड्याच्या आत मेलिसच्या हातात नोटीस पडली. बेकायदेशीर हिरवा. जिना राखाडी करा.

आता तुम्हीच सांगा, यात माझा काय हेतू होता? पण ग्रुपवर माझं पद वाढलं. आधी मी नुसता विकला गेलेला होतो, आता चहाडखोर झालो. साल्किन एजेने लिहिलं, "अशा माणसाला पूर्वी टोळीतून घोड्याशिवाय हाकलत." आणि त्याखाली बारीक अक्षरांत, "मेलिस यांनी तुरुसबेक यांना ग्रुपमधून काढून टाकले आहे." घोडा माझ्याकडे नव्हताच.

संध्याकाळी एर्मेक डॉक्टर माझ्या दारात. डोळ्यांत चमक. "बायके, आम्ही काही जणांनी वेगळा ग्रुप काढलाय. पिवळ्यांचा. तुम्ही आमचं दैवत." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या नव्या ग्रुपमध्ये पाऊल टाकतो तर काय, तिथे हिरव्यांच्या नावाने जे चाललं होतं ते वाचून मला माझे जुने शत्रू सज्जन वाटले. मेलिसच्या बायकोच्या नाकापर्यंत मजल गेली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी लिहिलं, "रंगावर बोला. नाकाशी काय संबंध? आणि खरं सांगायचं तर हिरवाही काही वाईट रंग नाही."

माझ्या दैवतपणाचं आयुष्य दुसऱ्या दिवशीच्या नाश्त्यापर्यंत. एर्मेकने लिहिलं, "हिरव्यांनी पेरलेला माणूस!" आणि मला काढलं. मी धावत समोरचं दार वाजवलं. एर्मेकने दार उघडलं, माझ्याकडे बघून गोड हसला. "या ना, बायके! दाढ दुखतेय का?"

त्या दिवशी मी ठरवलं की माझं मत जगात कुठेही चालत नसेल, तर निदान माझ्या चार भिंतींत चालेल. बाजारात जाऊन पिवळ्या रंगाचे डबे आणले. बुरुल बरेच दिवस म्हणत होती की रेडिएटरमागची भिंत काळी पडलीय. घर तापवणाऱ्या या रेडिएटरचे पाइप उन्हाळाभर रिकामेच असतात आणि त्यांत गरम पाणी नोव्हेंबराच्या तोंडावर सोडतात, म्हणून मी बिनधास्त रेडिएटर उतरवून बाल्कनीत ठेवला आणि भिंतीला हात घातला.

पण यंदा थंडी लवकर पडली. उष्णतावाल्यांनी ठरवलं की शनिवारी सकाळी पाणी सोडायचं, सगळ्यांनी घरी थांबून आपापले पाइप तपासावेत. पूर्वी अशी सूचना कागदावर लिहून जिन्याच्या दारावर चिकटवत. हल्ली कागद कोण चिकटवतो? ग्रुप आहे ना! हिरव्यांच्या ग्रुपवर सूचना गेली. पिवळ्यांच्या ग्रुपवरही गेली. अख्ख्या इमारतीत माहिती नसलेली दोनच घरं. राइसा पावलोव्हना, ज्यांचा पाइप धडधाकट होता. आणि मी, ज्याच्या पाइपाचं तोंड आ वासून भिंतीतून बाहेर आलेलं होतं.

शनिवारी मी स्टुलावर उभा होतो, हातात ब्रश. भिंतीत गुरगुरल्यासारखं झालं. "भूक लागलीय का तुला?" मी बुरुलला विचारलं. ती म्हणाली, "मी स्वयंपाकघरात आहे." एवढ्यात पाइप खोकला, एक काळी गुळणी टाकली आणि मग त्यातून गंजाचं पाणी असं सुटलं की मी स्टुलासकट सोफ्यावर गेलो. मी दोन्ही तळवे पाइपावर दाबले. पाणी बोटांच्या फटीतून कारंज्यासारखं छतावर. "काहीतरी कोंब!" मी ओरडलो. बुरुलने हाताला येईल ते कोंबलं. ती तिच्या आईने लग्नात दिलेली रजई होती, पण तो विचार आम्ही नंतर केला.

मुख्य नळ तळघरात. तळघराची किल्ली मेलिसकडे. बुरुल धावली, मी रजईला पाठ लावून उभा.

इथे मेलिसच्या छताविषयी सांगायला हवं. त्याने नुकतंच दिवाणखान्याला ते चकचकीत प्लास्टिकचं ताणून बसवलेलं छत करून घेतलं होतं. या छताचा गुण असा की वरून पाणी आलं तर ते गळू देत नाही, साठवतं. बुरुल आत शिरली तेव्हा मेलिस सोफ्यावर आडवा पडून फोनवर काहीतरी टाइप करत होता, आणि त्याच्या डोक्यावर छताला गाभण घोडीसारखं पोट सुटलं होतं.

"मेलिस, किल्ली!" बुरुल किंचाळली.

"कसली किल्ली, झेने?" असं वहिनीला विचारत त्याने वर पाहिलं. आणि त्या माणसाने काय करावं? उठून त्या पोटाला बोट लावून पाहिलं.

तो दणका मला वर ऐकू आला.

पाणी बंद होईपर्यंत सगळी इमारत जिन्यात जमा झाली होती. मी खाली उतरलो तो गुडघ्यापासून काळा, कमरेवर पिवळा. समोर मेलिस, नखशिखांत गंजाच्या रंगाचा, मिश्यांतून ठिबकत.

"बायके!" तो ओरडला. "पाणी सोडणार म्हणून मेसेज टाकला होता ना!"

"कुठे?" मी विचारलं.

"कुठे म्हणजे? ग्रुपव..." आणि तो थांबला. वरून पायऱ्यांवरून पाणी टप टप येत होतं.

पुढे मात्र, खरं ते सांगायला हवं, सगळे कामाला लागले. एर्मेकने पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बादल्या उपसल्या. साल्किन एजेने स्वतःच्या घरातली फडकी आणली, गुडघे टेकून माझी फरशी पुसली, मग तळलेल्या बोरसोकांचं ताट आणून माझ्यासमोर धरलं. "खा, बायके, गारठलात." मी घेतलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि निरागसपणे विचारलं, "अजून रागावलात की काय? अहो, ते काय मनाला लावून घ्यायचं! ते तर ग्रुपवर होतं!"

एवढे दिवस कोंबून ठेवलेली रजई तिथे निघाली.

"ग्रुपवर होतं?" मी ओरडलो. "मग ग्रुपवर कोण होतं? तुझं भूत? मी अनुदान खातो, मी चहाडखोर, माझ्या डोक्यात कावीळ, माझ्या बापाचं गाव नासकं! आणि इथे मला बोरसोक? वाचून दाखव! तू जे लिहिलंस ते माझ्या तोंडाकडे बघून वाचून दाखव. मग खातो तुझं बोरसोक!"

साल्किन एजेने फोन काढला, उघडला आणि तशीच उभी राहिली. तिचे कान लाल झाले. फोन मेलिसकडे गेला. मेलिसने मिशी पिळली, नाक पुसलं. फोन एर्मेककडे गेला. तो म्हणाला, "माझा चष्मा घरी आहे." एर्मेकला चष्माच नाही.

"द्या इकडे," खालून आवाज आला. राइसा पावलोव्हना कठड्याला धरून वर चढत होत्या. त्यांनी फोन हातात घेतला, घसा साफ केला, आणि पंचवीस वर्षं ज्या आवाजात गव्हाचं पीक आणि हवामान सांगितलं त्याच आवाजात वाचायला सुरुवात केली. " 'काही लोकांना कावीळ फक्त डोळ्यांत नसते. डोक्यातही असते.' मेलिस." जिन्यात तो आवाज तळघरापर्यंत घुमला. " 'कुठल्या परदेशी संस्थेचं अनुदान खाता हो?' साल्किन." त्या एकही शब्द गाळत नव्हत्या. हसण्याची चित्रंसुद्धा वाचत होत्या. "तीन हसरे चेहरे. एक शेण." पहिल्यांदा कोणीतरी फिसकन हसलं. मग कोणी हसेना. साल्किन एजे भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. " 'तुमचे आजोबा युर्टमध्ये राहायचे. युर्टला जिना नसतो.' तुरुसबेक." इथे मेलिसने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या आजोबांनी त्याला लहानाचं मोठं केलं होतं, हे मला माहीत होतं. त्यांचं नाव काढलं की तो आजही उभा राहतो. माहितीपर वाक्य! मी पायातल्या ओल्या मोज्यांकडे बघत राहिलो.

"बातम्या संपल्या," राइसा पावलोव्हना म्हणाल्या आणि फोन परत केला. "आता कोणी मला खाली सोडा. पायऱ्या ओल्या आहेत."

त्यांना सोडायला एकदम चौघे धावले, बाकीचे पांगले. उरलो मी आणि मेलिस. तो एकदम भडकून म्हणाला, "पण पिवळा घाणेरडाच रंग आहे, बायके! घाणेरडा! आजारी माणसाच्या चेहऱ्यासारखा!"

"आणि तुझा हिरवा शेवाळासारखा!" मीही आवाज चढवला. "डबक्याच्या तळासारखा!"

"लोक येतील आणि म्हणतील हा जिना आहे की अंडं!"

आमच्या नाकांत वीतभर अंतर असेल. त्याच्या मिशीतून अजून माझं पाणी ठिबकत होतं. माझा राग काही गेला नव्हता, आजही गेलेला नाही. पण तो तोंडावर बोलला, डोळ्यांत डोळे घालून बोलला, आणि एवढ्यानेच माझ्या छातीवरचा एक खांब हलल्यासारखा झाला. मी साल्किन एजेने मागे ठेवलेल्या ताटातलं एक बोरसोक उचललं. दुसरं त्याच्या हातात कोंबलं. मग त्याच्या आजोबांबद्दल जे बोलायला हवं होतं ते बोललो. ते आमच्या दोघांतलं.

जिना राखाडी झाला. खाली गडद, वर फिकट. कोणालाच आवडलेला नाही. दोन्ही ग्रुप अजून आहेत, आणि आता तिसरा राखाड्यांचा निघाला आहे असं ऐकतो. मेलिसने मला परत घ्यायचा फार आग्रह केला. मी साफ नाही म्हटलं. "पाणी येणार असेल तर दार वाजव."

"माझे गुडघे दुखतात, बायके. एक मजला चढायचा म्हणजे..."

म्हणून तो पाना घेऊन पाइपावर ठोकतो. काल असाच पाइप दणदणला. मी हातातला चहा टाकून, सपाता न घालता धावत खाली गेलो. मेलिस दार उघडून पान्यासकट उभा.

"काय झालं? पाणी?"

"पाणी नाही. कचऱ्याच्या डब्यांची जागा बदलायची आहे. मी म्हणतो, फाटकाच्या उजवीकडे."

"डावीकडे," मी म्हणालो. "उजवीकडे वारा येतो, सगळा वास इमारतीत."

"माहीत होतं मला!" तो ओरडला. "अगदी माहीत होतं तुम्ही डावीकडे म्हणणार, म्हणून तर पाइप ठोकला! आत या, चहा टाकलाय. दारात गाढवासारखे उभे राहू नका."